जितरायचा झाकलेला दगड

आमचा जितराय पूर्ती जन्मला तेव्हा रडला नाही, आधी त्यानं सुईणीकडं नीट बघून घेतलं, असं त्याची आई नागी सांगायची. आईचं बोलणं म्हणून त्यातलं निम्मं सोडून दिलं, तरी पुढच्या साठ वर्षांत त्यानं बघून घेतल्याशिवाय काही केल्याचं सारजोमडी गावात कुणाला आठवत नाही. दवाखान्यात तापावरची गोळी मिळाली की तो म्हणायचा, "डॉक्टरसाहेब, एक तुम्ही घ्या, मग मी घेतो." खुंटी शहराच्या बसमध्ये ड्रायव्हर बसल्याशिवाय तो पाय ठेवत नसे. शिरगणतीवाल्यांना दर खेपेला त्यानं वेगळं वय सांगितलं. त्यामुळे सरकारी यादीत जितराय बेचाळीसचा आणि त्याचा थोरला मुलगा सुगना सेहेचाळीसचा आहे. कुणी हसलं की तो म्हणायचा, "हसा. उद्या म्हाताऱ्यांना उचलायला गाडी आली, तर सुगनाला नेतील."

त्याची बायको सालगी हिच्याजवळ त्याच्या शंकांचा साठाच आहे. त्यातली पहिली ती पाण्याला गेल्यावर नव्या सुनांना सांगते. "मला मागायला आले होते. माझ्या बापानं एका बैठकीत हो म्हटलं. तर हे त्यालाच विचारतात, 'इतकी चांगली पोरगी इतक्या लगेच कशी काय देताय?' लग्न तिथंच मोडायचं. पण माझा बाप म्हणाला, एवढं विचारणारा पहिलाच आला, देऊन टाका."

आम्ही सगळे जितरायला हसायचो. पण हसताना एक डोळा आमचाही उघडा असायचा, कारण शंका हे आमच्या भागातलं जुनं पीक आहे. आमच्या पूर्वजांनी सालाची झाडं तोडून इथं शेतं केली. प्रत्येक कुळानं आपल्या मेलेल्यांच्या अस्थी गावाच्या ससानात मोठ्या सपाट दगडाखाली ठेवल्या. ज्याचे दगड, त्याचं गाव. यापेक्षा पक्का पुरावा काय असतो? मग साखळ्या घेऊन मोजणारे आले, त्यांच्यामागून जमीनदार आला. तेव्हा आमच्या पणज्याच्या बापानं आणि आणखी काही जणांनी ससानातला एक दगड उपटला, खांद्यावर घेतला आणि कित्येक दिवस चालत शहरातल्या कचेरीत नेला, असं जुनी माणसं सांगतात. साहेबानं दगडाकडं बघून विचारलं, "कागद कुठाय?" आमच्या माणसांनी साहेबाकडं बघून विचारलं, "तुमच्या कागदाखाली कोण झोपलंय?" दोघांनाही एकमेकांचा प्रश्न कळला नाही. दगड परत आणावा लागला. येताना तो जास्त जड होता म्हणतात.

तर भादव्यात नागी वारली. चांगली पिकून वारली. तिच्या अस्थींचं गाडगं घरामागच्या चिंचेला टांगलेलं होतं. धान घरात आलं, की पौष सरता सरता सगळ्या गावाचा हाडं ठेवण्याचा एक दिवस असतो. त्या दिवशी दगड उचलायचा, वर्षभरात गेलेल्यांना आत ठेवायचं, की झालं. तोवर गेलेलं माणूस ना घरात, ना आपल्या माणसांत. नागीला हे फार जड गेलं असतं. ती सख्ख्या भावाच्या दारातसुद्धा दुपार टळेपर्यंत बसत नसे. म्हणून जितराय त्या दिवसाची वाट बघत होता. रोज सकाळी चिंचेखाली जाऊन तो गाडग्याला सांगायचा, "आता आठच दिवस हं आई." मग गाडग्याची दोरी ओढून बघायचा. कुणी बदलली तर?

नेमके त्याच आठवड्यात पौलुस तोपनो मास्तर आले.

मास्तर जिल्ह्याच्या पलीकडच्या टोकाचे, आमच्यातलेच, आता निवृत्त झालेले. छत्री, कापडी पिशवी, मोजायची फीत, खडूचा डबा आणि जाड वही. जिल्ह्यातल्या गावागावाचा इतिहास लिहायचा त्यांनी ध्यास घेतला होता. कोणतं कूळ आधी आलं, कुणाचे किती दगड, कोण कुठून आलं. गाव जिथं नाचायला, बैठकीला जमतं त्या आखड्यातल्या पारावर ते बसले आणि जितराय त्यांच्यासमोर उकिडवा बसला. गाव भोवती जमलं, कारण जितराय कुणाची चौकशी करतोय म्हटल्यावर शेतात कोण थांबेल?

"तुम्हाला कुणी पाठवलं, मास्तर?"

"कुणी नाही. माझा मीच आलो."

"पगार कोण देतं?"

"कुणी देत नाही."

"फुकट?" जितरायनं मागं वळून आमच्याकडं बघितलं. "फुकट हिंडतायत म्हणे. या थंडीत. या गुडघ्यांवर."

मास्तर हसले. म्हणाले, "आपला इतिहास आपण नाही लिहायचा तर कुणी?"

"पण लिहून झाल्यावर तो कुणाकडं राहणार?"

"पुस्तकात."

"आणि पुस्तक कुणाकडं?"

"ज्याला पाहिजे त्याच्याकडं."

"झालं," जितराय म्हणाला. "म्हणजे कुणाकडंही."

तेवढ्यात सालगीनं पानाच्या द्रोणातून इली आणली. मास्तरांनी हात जोडले. साखरेचा आजार आहे, डॉक्टरनं तांदळाची दारू बंद केलीय, म्हणाले. कांडे म्हणून आमच्यात एक आहे, त्याला दुसऱ्याच्या संशयावर फुंकर घालायचं व्यसनच आहे. तो जितरायच्या कानाशी लागला. "बघ दादा, पीत नाही. पिणाऱ्याच्या तोंडून खरं निघतं."

"मला शिकवतोस?" जितराय म्हणाला. "तो फुकट म्हणाला तेव्हाच मी ओळखलं. परका आला तर लुबाडायला आलाय हे निदान कळतं. आपला आला की विचार करावा लागतो."

दुसऱ्या दिवशी मास्तर ससानात गेले. गावच्या पुजाऱ्याच्या, म्हणजे पाहानाच्या, कुळाचे दगड त्यांनी फितीनं मोजले आणि प्रत्येकावर खडूनं आकडा घातला. एकपासून एकोणीसपर्यंत. फीत जितरायनं सोसली असती. आकडे बघून मात्र तो धावतच घरी आला.

"सालगी, नंबर टाकतोय!"

"कशावर?"

"दगडांवर! जंगलखात्याचे लोक झाडांवर नंबर टाकतात, मग काय होतं?"

काय होतं ते सगळ्यांनाच माहीत होतं. नंबर पडलेलं झाड पुढच्या पावसाळ्यापर्यंत जंगलात दिसत नाही.

जितरायच्या कुळाची गावात दोनच घरं, आणि ससानात एकच दगड. पण दगड असा, की त्यावर सहा माणसं मांडी घालून जेवतील. त्याखाली त्याचा बाप, आजा-आजी, पणजा-पणजी आणि त्यांच्या आधीचे. दुसऱ्या दिवशी उजाडताच नवराबायकोनं त्या दगडावर पेंढ्याचे भारे रचले. त्यावर लाख खरवडून उरलेल्या कुसुमच्या झाडाच्या काटक्या, त्यावर शेणाच्या चार पाट्या. जितराय लांब जाऊन बघायचा, परत येऊन आणखी एक पाटी टाकायचा. शेवटी तो स्वतःच त्या ढिगावर चढून बसला. दगड लपवायचा तर वर माणूस कशाला बसवायचा, हे सालगीनं विचारलं. त्यानं तिच्याकडं आणखी एक पाटी मागितली.

ऊन वर आलं तसे मास्तर आले.

"हे काय, जितरायभाऊ?"

"पेंढा."

"ससानात?"

"आमचे बैल इथंच येऊन खातात. त्यांना सवयच आहे."

"पेंढ्याखाली काय?"

"जमीन."

मास्तरांनी चष्मा पुसला. "तुमच्या कुळाचा दगड कुठला मग?"

"नाही."

"नाही? मग तुमची मेलेली माणसं?"

"इथं माझं कोणी नाही," जितराय म्हणाला.

बुडाखाली चार हात अंतरावर बाप होता त्याचा. सालगीच्या हातातली पाटी गळून पडली. मास्तरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते पुढं गेले. गावातल्या दहा जणांनी त्यांना नंतर गाठलं, पण एकानंही जितरायचं खोटं उघडं केलं नाही. परक्यासमोर आपल्या माणसाला खोटं पाडायचं नाही, अशी आमच्याकडं रीत आहे. ते मागाहून, सगळ्यांनी मिळून पाडायचं असतं.

ती संधी मास्तरांनीच आणून दिली. जायच्या आधी त्यांनी गावाला आखड्यात बोलावलं. "मी लिहिलंय ते वाचून दाखवतो. चुकलं असेल तर इथंच सांगा." पाहानाच्या कुळाचे एकोणीस दगड झाले. दुसरं कूळ झालं, तिसरं झालं. मग मास्तर वाचू लागले. "चौथं कूळ, पूर्ती. घरं दोन. दगड नाही. घरातले वडीलधारे जितराय यांनी स्वतः सांगितलं की इथं त्यांचं कोणी नाही. हे कूळ बहुधा अलीकडे येऊन राहिलं असावं."

हसता हसता कांडे खाली लोळला. "अलीकडे! दादा, परवाच आलास काय रे? सामान उतरवलंस की अजून बसवरच आहे?"

"पावणे आहेत, पावण्यांना पाणी द्या!" मागून कुणीतरी ओरडलं.

जितरायनं मान वर केली नाही. हसला नाही तो एकटा म्हातारा बिरसिंग पाहान. गावाच्या देवांचं आणि मेलेल्यांचं सगळं तोच बघतो. तो हसणं संपेपर्यंत थांबला. मग त्यानं विचारलं, "जितराय, हे तू कुठं बसून बोललास?"

"पेंढ्यावर, पाहानकाका."

"पेंढा कुठं होता?"

जितरायनं अंगावरची पेंढ्याची एक काडी उचलून मुठीत लपवली.

"म्हणजे त्यांच्या डोक्यावर बसून म्हणालास, इथं माझं कोणी नाही."

मास्तरांनी वही मिटली. काय झालंय ते त्यांना आता कळलं, आणि त्यांचा चेहरा जितरायपेक्षाही उतरला.

"त्यांनी ऐकलंय ते," पाहान म्हणाला. "चार दिवसांनी तू दगड उचलायला जाशील. तू नाही म्हटलेल्या घरात ते तुझ्या आईला घेतील का, ते आधी विचारावं लागेल. दगडावर तांदूळ टाकू, कोंबडी सोडू. कोंबडीनं टिपले तर ठीक. तीन कोंबड्यांनी नाही टिपले, तर नागी आणखी वर्षभर चिंचेला."

जितरायचे ओठ हलले. रागानं नव्हे, तो हिशेब मांडत होता. मग हळूच म्हणाला, "काका, यात तुमचा काय फायदा?"

"माझा फायदा?" पाहानाचा आवाज चढला. "अरे, माझ्याकडं एकोणीस आहेत! दर वर्षी सगळ्यांना तेल चोळता चोळता कंबर गेली माझी. तुझा विसावा दगड घेऊन मी काय करू?"

त्या चार दिवसांत जितराय वाळून गेला. पेंढा त्यानं एकट्यानं उतरवला, दगड विहिरीच्या पाण्यानं धुतला. मास्तर गेले नाहीत. माझ्यामुळं झालं, आता निकाल लागल्याशिवाय कसा जाऊ, असं म्हणून ते कांडेच्या ओसरीवर राहिले. जितराय तिथून दिवसातून तीनदा जायचा आणि मास्तर खरंच आहेत की नाही ते बघायचा. ते दिसले की आणखी संशय घ्यायचा. सालगी मात्र त्याला एक शब्द बोलली नाही. ती बोलत नाही म्हटल्यावर तो जास्तच घाबरला.

त्या दिवशी सकाळी सगळं गाव ससानात. जितरायनं तांदूळ आपल्या शेतातले आणले, आपल्या सुपात, आपल्या हातानं निवडलेले. कोंबड्याही आपल्याच, आपल्याच खुराड्यातल्या. दुसऱ्या कुणाच्या कोंबडीवर त्याचा भरवसा नव्हता, आणि हीच त्याची चूक झाली.

पाहानानं दगडावर तांदूळ मांडले, पुटपुटला, आणि तांबडी कोंबडी सोडली. कोंबडी दोन पावलं चालली, थांबली. तिनं मान वाकडी करून डाव्या डोळ्यानं तांदळाकडं बघितलं. मग मान फिरवून उजव्या डोळ्यानं बघितलं. मग जमलेल्या माणसांकडं एकेक करून बघितलं. जणू म्हणत होती, हे फुकट का देताय?

"घराच्या वळणावर गेलीय," कांडे कुजबुजला.

तांबडीनं तांदळाला चोच लावली नाही. जितरायनं तिला उचलून तिचं पोट चाचपलं. "हिला सकाळीच कुणीतरी खाऊ घातलंय. कांडे, माझ्याकडं बघून सांग."

"मी? दादा, तुझ्या खुराड्याला तीन कड्या आहेत! मी आत शिरलो असतो तर अजून बाहेर पडायची कडी शोधत असतो."

दुसऱ्या खेपेला कोंबडा आला. तो तांदळाला वळसा घालून गेला, दगडावरून उतरला आणि मास्तरांच्या बुटावरची खडूची भुकटी टिपू लागला. लोकांना हसू आवरेना. पण जितरायच्या हातात गाडगं होतं, आणि त्या गाडग्याकडं बघून कुणी मोठ्यानं हसलं नाही.

तिसरी कोंबडी पाहानानं सोडली नाही. काखेतच धरली.

"असं नाही होणार," तो म्हणाला. "तोंडानं केलेलं कोंबडीच्या चोचीनं कसं पुसणार? ज्याला नाही म्हणालास, त्याच्यासमोर हो म्हण. खाली कोण कोण आहे ते सांग."

"मास्तरांसमोर?"

"मास्तरांसमोर."

मास्तर घाईनं म्हणाले, "मी वही पिशवीत ठेवतो. लिहीत नाही."

"लिहायचं," पाहान म्हणाला. "नाही म्हटलेलं लिहून झालंय. हो म्हटलेलंही लिहिलं गेलं पाहिजे."

मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच जितरायनं कुणाकडंच बघितलं नाही. ना आमच्याकडं, ना मास्तरांकडं. तो गाडग्याकडं बघत उभा राहिला. बापाचं नाव त्यानं रेशनकार्डावर खोटं लावलं होतं. आज्याचं नाव तर सख्ख्या जावयालाही सांगितलं नव्हतं. नाव एकदा कागदावर चढलं की माणूस कुठून कुठं जाईल सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं. गाडग्याची दोरी त्याच्या बोटांत गुंडाळलेली होती. ती त्यानं सोडवली.

"लिहा," तो म्हणाला. "दुबराज. माझा बाप. त्याची बायको ही, आत्ता येतेय." त्यानं गाडगं जरा वर केलं. "लिहिलं? वाचा."

मास्तरांनी वाचलं.

"माझी आजी, लेंबू. तिचा नवरा मोरा. अस्वलानं मारला."

"अस्वलानं नाही," मागून एक म्हातारी म्हणाली. "अस्वल बघून पळाला आणि दरीत पडला. माझा बाप तिथं होता."

"अस्वलानं मारला!"

"अस्वलानं हातसुद्धा लावला नाही त्याला!"

"मग पळाला कशामुळं? माणूस आपण होऊन दरीत पडतो का? मास्तर, लिहा, अस्वलामुळं." त्यानं वहीत डोकं खुपसलं. त्याला अक्षर येत नव्हतं, तरी तो बोटानं ओळ चाचपत होता. "हे काय एवढुसं? अस्वल एवढंच? काय लिहिलंत, वाचा बघू."

"अस्वलामुळं दरीत पडून," मास्तर घाम पुसत म्हणाले.

"आणि पणजा? पणजा सोमाय. त्याच्या आज्यानं हे रान तोडलं. तुमच्या पहिल्या कुळाच्या मागून नाही, बरोबर. बरोबर असं लिहा."

"बरोबर कसं?" आता पाहानच पुढं आला. काखेतली कोंबडी त्याच्या हातून कधी सुटली ते त्यालाही कळलं नाही. "आम्ही दोन पावसाळे आधी आलो!"

"एक!"

"दोन! माझ्या आज्यानं सांगितलंय!"

"तुमचा आजा मोजायला बसला होता काय?"

वहीभोवती अर्धं गाव गोळा झालं. कुणी दोन म्हणे, कुणी दीड म्हणे. मास्तर खोडत होते, लिहीत होते. तेवढ्यात सालगीचा आवाज आला. चार दिवसांनी ती पहिल्यांदा बोलली.

"खाल्लं."

सगळे वळले. तिसरी कोंबडी दगडाच्या मधोमध उभी होती आणि चोच पुसत होती.

"कुणी बघितलं?" जितराय म्हणाला.

"मी."

"एकटीनं?"

सालगीनं त्याच्याकडं असं बघितलं, की त्याला आपला प्रश्न पोटात घालावासा वाटला. पण कोंबडीनं तेवढी वेळच येऊ दिली नाही. तिनं आमच्या सगळ्यांच्या देखत मान खाली घातली आणि भराभर टिपायला सुरुवात केली. इतकी की पाहानाला तिला हाकलून द्यावं लागलं, कारण आता दगड उचलायचा होता.

सालाचे जाड वासे लावून चौदा जणांनी दगडाची एक बाजू उचलली, खाली धोंडे सरकवले. कांडे सगळ्यात पुढं होता, दातओठ खात. मास्तरांनी पिशवी गवतात टाकून वाशाला खांदा दिला. जितराय पालथा झाला, आणि तेल-हळद लावलेलं गाडगं दोन्ही हातांनी आत नेलं. छातीपर्यंत आत गेला तो, आणि बराच वेळ बाहेर आला नाही. वासे कुरकुरायला लागले.

"जितराय, बाहेर ये रे, खांदे चाललेत!"

"थांबा," आतून आवाज आला. "जागा बघतोय."

शेवटी तो बाहेर आला. कपाळाला माती, कानाला कोळिष्टक. सालगी जवळ गेली आणि हळूच म्हणाली, "कुठं ठेवलंत आईंना?"

"बाबांच्या पलीकडे. आजीपासून लांब. त्या दोघींचं कधी पटलं नाही, आता कशाला त्रास."

सालगीनं दगडाखालच्या अंधारात वाकून बघितलं. "मग मलाही आईंपासून लांबच ठेवा."

जितराय हात झटकत होता. तो थांबला. त्याचे डोळे बारीक झाले.

"तू माझ्याआधी जाणार," तो म्हणाला, "हे तुला कुणी सांगितलं?"

पाहानानं खुणेचा हात खाली केला. धोंडे निघाले, वासे सुटले आणि दगड आपल्या जागी बसला.